सयाजीच्या पोराची गाडी

रविवार, ९ नोव्हेंबर १९९७

आज कराडजवळ मलकापूरला सयाजीच्या घरी जेवता जेवता त्याने एकदम विचारलं, "मध्या, ऋषीची गाडी घेतोस का?" माझा घास तोंडातच राहिला. आत भाकरी थापणाऱ्या त्याच्या बायकोचा, दगडाबाईंचा हातही थांबला असावा, कारण थापण्याचा आवाज बंद झाला.

ऋषिराज सयाजीचा एकुलता एक. कराडात डिप्लोमा केलेला. दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. त्याची ती लाल गाडी तेव्हापासून गोठ्याच्या अंगाला ताडपत्रीखाली आहे. गाडी दिसायला छोटी, मागचं दार वर उचलायचं, पण पोराने तिचं इंजिन खोलून त्याची ताकद स्वतःच्या हाताने वाढवली होती. दोन कार्बोरेटर, त्यांची तोंडं हवा आत ओढायला उघडी, वर गाळणी नाही. घाटातल्या शर्यतीत त्याने मोठमोठ्या गाड्या मागे टाकल्या होत्या. सयाजी दर रविवारी ताडपत्री काढतो, गाडी सुरू करतो, थोडा वेळ चालू ठेवून बंद करतो. तो आवाज आला की दगडाबाई परसात निघून जातात.

"हिला तो आवाज सोसत न्हाई," सयाजी म्हणाला, "आन् परक्याला इकावी तर तो इंजन काढून इकंल. तुज्याकडं राहील. दर ऐतवारी घिऊन येशील. तू देशील ते दे."

खरं सांगायचं तर मी मनातून उडालोच. डॉक्टरांनी कंबरेमुळे स्कूटर बंद केल्यापासून दर रविवारी एसटीचे धक्के खात इथे येतो. आणि आयुष्यभर खात्याच्या खटारा जीपमध्ये बसलेल्या माणसाला एकदा तरी जोरात जावंसं वाटतं की नाही? पण मी वैधमापन खात्यातून निवृत्त झालेला निरीक्षक. ‘देशील ते दे’ म्हणणाऱ्या दुकानदाराचा काटा मी आधी तपासायचो. म्हटलं, बघून सांगतो.

सयाजी आणि मी साताऱ्याच्या बोर्डिंगात एका खोलीत होतो. मी वाईचा, तो मलकापूरचा. तो फौजेत गेला, सुभेदार होऊन उसाच्या रानात परतला. मी लोकांची मापं तपासत जिल्हे फिरलो आणि सांगलीत स्थिरावलो. बायको पद्मा गेली, मुलगी बेंगलोरला असते. मला ‘मध्या’ म्हणणारा आता जगात हा एकटाच. बाकी सगळ्यांचा मी साहेब. त्यामुळे रविवार चुकला तर माझा आठवडा लंगडा होतो, हे इथे लिहायला हरकत नाही. त्याच्या तोंडावर मी ते कधी बोलणार नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

शेजारच्या हंबीररावांनी आजवर तीन जुन्या गाड्या घेतल्या आणि तिन्हींत फसले. म्हणून त्यांनाच विचारायला गेलो. फसण्याचा एवढा दांडगा अनुभव आमच्या कॉलनीत दुसऱ्या कुणाला नाही.

त्यांनी चहाबरोबर भरपूर ज्ञान पाजलं. धूर निळा आला तर इंजिन ऑइल खातंय. ऑइलचं झाकण उघडून वर तळहात धरायचा. फुसफुस वारा लागला तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन आतून झिजलं. पाचवा गियर आपोआप बाहेर पडतो का बघायचं. टायर आतल्या बाजूने जास्त झिजले असतील तर गाडी कुठेतरी आदळलेली. पत्र्याला चुंबक लावायचा. जिथे चिकटणार नाही तिथे पुट्टी भरलेली, म्हणजे अपघात. "आणि साहेब, जोरात पळवलेली गाडी आधीच अर्धी मेलेली असते. विकणारे दाट ऑइल भरून तिला महिनाभर जिवंत दाखवतात."

"विकणारा माझा मित्र आहे," मी म्हणालो.

"माझी दुसरी गाडी साडूची होती," हंबीरराव म्हणाले आणि दुसरा कप ओतला.

रविवार, १६ नोव्हेंबर

गाडी घेतली!

जुन्या रेडिओच्या स्पीकरचा चुंबक काढून फडक्यात गुंडाळून नेला होता. अंगणात गाडीभोवती फिरून सगळीकडे लावून पाहिला. भिंतीपलीकडे शेजारच्या बायका जमल्या. सयाजी बाजेवर बसून बघत होता.

"आरं, तू काय देवऋषी हायस का मध्या? भूत काडतोस व्हय गाडीतलं?"

"पुट्टी शोधतोय."

"ऋषीनं कुटं पुट्टी लावली न्हाई. लोखंडच हाय त्ये," तो म्हणाला. जरा हळू म्हणाला. मी तरी चारही दरवाजे तपासलेच. चुंबक सगळीकडे टपकन बसला. टायर सरळ झिजलेले. धूर नाही. झाकणावर तळहात धरला तर नुसती ऊब, वारा नाही. मग हायवेवर नेली. बाप रे! पेठ नाक्याच्या दिशेला एका सरळ टप्प्यावर पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली. मी मोठ्याने हसलो. एवढा मोठ्याने कधी हसलो होतो आठवत नाही. शेजारी सयाजीही हसत होता आणि डोळे पुसत होता. वाऱ्याने असेल, काच खाली होती.

पैसे घेताना त्याने मोजलेसुद्धा नाहीत. मीच मोजून दाखवले. दगडाबाई बाहेर आल्या, गाडीला हळद-कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "भावजी, पयली म्हसवडला न्या. सिद्धनाथाला दाकवल्याबिगर ऋषीनं कवाच शर्यत केली न्हाई."

सयाजी आतून कसलंसं जुनं फडकं घेऊन आला. ऋषिराज पूजेच्या वेळी ते कार्बोरेटरच्या तोंडांवर बांधायचा म्हणे. मेणचटलेलं, पेट्रोलचा वास मारणारं फडकं. नव्या घेतलेल्या गाडीत असलं कशाला? म्हटलं, राहू दे तुझ्याकडेच. त्याने ते घडी करून खिशात ठेवलं.

रविवार, २३ नोव्हेंबर

तासगाव, विटा, मायणी करत म्हसवड. रस्ता खराब, पण गाडीने कुरकूर केली नाही. सयाजीला बरोबर ये म्हटलं होतं. त्याची ऊसतोडीची पाळी आली आहे, टोळी रानात आहे.

रथयात्रा जवळ आल्याने देवळाबाहेर गुलालाचे ढीग होते. एका दुकानदाराने मला पुडा बांधून दिला. हातात घेताच कळलं, माप मारलंय. माणूस निवृत्त होतो, हात होत नाही. मी त्याला काटा पुन्हा मांडायला लावला. तो घामाघूम झाला. "साहेब, चुकी झाली," म्हणत त्याने ओंजळी भरभरून वर गुलाल घातला, मूळ पुड्याहून जास्त झाला. चिमटीत चोळून पाहिला तर खरखरीत, निम्मी दगडाची पूडच. पण भेसळ हे आमच्या खात्याचं काम नव्हे. आमचं काम माप.

पूजा झकास झाली. चाकांखाली लिंबं, बॉनेटवर स्वस्तिक, नारळ. पुजारी म्हणाले, यंत्राची पूजा करायची तर यंत्र दिसलं पाहिजे. पटलं. बॉनेट उघडलं. इंजिन मुद्दाम चालू ठेवलं, त्याचा आवाज देवाच्याही कानावर जावा म्हणून. ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’ म्हणत मी, पुजाऱ्यांनी आणि आजूबाजूच्या चार हौशी मंडळींनी सगळा गुलाल उधळला. आमचे चेहरे ओळखू येईनात. इंजिनालाही दोनदा ठसका लागला तेव्हा सगळे हसले. मग फडफडून पुन्हा नीट चालू लागलं.

पद्मा असती तर म्हणाली असती, देवाला तरी मापात घाला हो. आज मी मापाबाहेर घातला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

गाडी धुतली तरी सांदीसपाटीतून गुलाल निघतोच आहे. शुभ आहे.

बुधवार, १० डिसेंबर

मिरजेच्या उड्डाणपुलावर आरशात पाहिलं तर मागचा रिक्षावाला दिसेना. निळा धूर. मला वाटलं कुणा ट्रकचा. थांबलो तर आपलाच.

घरी आणून ऑइलची दांडी काढली. टोकालाही ऑइल नाही. मग झाकण उघडून तळहात धरला. वारा आला. चांगला फसफसून आला. मी हात काढला आणि पुन्हा धरला. वारा तसाच.

हंबीरराव फाटकातून बघत होते. काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार. नुसती मान हलवली.

सोमवार, १५ डिसेंबर

मिरज रोडच्या भाऊसोच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडलं. भाऊसोचा पेट्रोल पंपवाला चुलता एकदा माझ्या तपासणीत सापडला होता, त्यामुळे भाऊसो मला अजून वचकून असतो. पिस्टनच्या रिंगा संपल्या, सिलिंडरच्या आत उभे ओरखडे. बोट फिरवलं तर नखाला लागतात.

"ह्यात कायतरी बारीक पूड गेलीया साहेब," भाऊसो म्हणाला. "कार्बोरेटरच्या घशात बी लालसर हाय जरा."

"पेट्रोल लालच असतं."

"त्ये बी खरं."

"दाट ऑइल भरून विकली असेल. आतून आधीच गेलेली असेल."

"आसंल की साहेब. जुन्या गाडीचं काय सांगावं?"

म्हणजे झालंच. हंबीरराव सांगत होते ते अक्षरशः. घेताना धूर नाही, वारा नाही, आणि महिन्याच्या आत सगळं बाहेर. मी चुंबक पत्र्याला लावत बसलो आणि खोट आत होती. म्हणून तो पैसे मोजत नव्हता. म्हणून ‘देशील ते दे’.  चाळीस वर्षं ज्याला ओळखतो त्याने मला गिऱ्हाईक केलं.

कदाचित त्याला माहीत नसेल. पण दर रविवारी इंजिन चालू करणारा, फौजेत गाड्या सांभाळलेला माणूस, त्याला माहीत नसेल?

भाऊसोला म्हटलं, जशी होती तशी बांध. परत द्यायची आहे.

रविवार, २१ डिसेंबर

सकाळी धूर सोडत मलकापूरला पोचलो. वाटेत दोनदा ऑइल घालावं लागलं. अंगणात ऊसतोड टोळीचे मुकादम, दोन भावकीतले लोक आणि सयाजीचा भाचा अर्जुना बसले होते. बाजूला बोलवावं असं मनात होतं. पण सयाजी हसत उठला, "आली का माजी लाल घोडी?" म्हणाला, आणि माझं डोकं फिरलं.

मी सगळं बोललो. सगळ्यांसमोर. म्हणालो, आयुष्यभर माप मारणारे बघितले, पण मित्राच्या पदरात कुणी असं माप टाकलेलं बघितलं नाही. म्हणालो, दाट ऑइल घालून मेलेलं इंजिन माझ्या गळ्यात मारलंस. म्हणालो, तुझ्या पोराने शर्यती करून चोथा केलेला माल होता, तो आधी सांगायचा होतास.

 सयाजीने बॉनेट उघडलं, कार्बोरेटरच्या तोंडात बोट घातलं आणि बाहेर काढून बराच वेळ बोटाकडे बघत राहिला. माझं बोलणं चालूच होतं, त्यामुळे बोटाला काय लागलं ते मी पाहिलं नाही. मग त्याने बोट धोतराला पुसलं, बॉनेट हळूच खाली ठेवलं, आत जाऊन पैसे आणून माझ्या हातात दिले. मी दिलेल्या नोटा तशाच रबरात होत्या.

"तुमी म्हंताय तर आसंल साहेब," तो म्हणाला. "तुमच्या नजरंतनं खोट सुटायची न्हाई."

चारचौघांत माझा मान ठेवला, तेवढं त्याला सुचलं हे बरं. चूक कळली असावी. दगडाबाई दारात उभ्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी पदर सावरला आणि आत गेल्या. अर्जुनाने मोटरसायकलवर स्टँडला सोडलं. 

सोमवार, २२ डिसेंबर

हंबीरराव म्हणाले, "पैसे परत मिळाले? साहेब, तुम्ही पहिलेच." मी जिंकलो म्हणायचं. संध्याकाळी भात खाली लागला आणि तसाच खाल्ला.

रविवार, २८ डिसेंबर

गेलो नाही. त्याने आधी बोलवावं. फोनजवळ वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो.

रविवार, ४ जानेवारी १९९८

शेवटी मीच फोन केला. दगडाबाईंनी उचलला. "रानात गेल्यात." म्हटलं, आल्यावर करायला सांगा. "सांगते." भावजी म्हणाल्या नाहीत. घाईत असतील.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन मुलं आली, काका गोड बोला म्हणाली. दोन वेळा फोन लावला. एकदा रानात, एकदा कारखान्यावर. कारखान्याला एवढ्या खेपा कशाला लागतात?

शनिवार, १७ जानेवारी

बाजारात अर्जुना भेटला. गुळाच्या सौद्याला आला होता. मला चुकवून निघाला होता, मी दंडाला धरून चहाला नेलं. सयाजी कसा आहे विचारलं. बरा हाय म्हणाला. गाडी दुरुस्त केली का विचारलं. त्याने चहा बशीत ओतला, पुन्हा कपात ओतला.

"तुमाला राग यील."

"येऊ दे."

"आमी तवाच कराडात इंजन उगडलं. मामांनी मला संगट नेलं हुतं. आत गुलाल निगाला काका. कार्बोरेटरात, वाल्वाच्या मागं, समदीकडं गुलाल. मिस्तरी हसाय लागला, म्हणला कुठल्या जत्रंत नेलीती गाडी?  मामास्नी आदीच कळलं हुतं, त्या दिशी बोट घातलं तवाच. बोटाला लाल लागलं हुतं, मी बगितलं की."

 मला राग आला, तो सयाजीचाच. त्याला माहीत होतं! मी एवढं बोलत होतो, चार माणसं ऐकत होती, आणि हा पठ्ठ्या बोट पुसून गप्प बसला. एक शब्द, ‘मध्या, गुलाल’, एवढं म्हणाला असता तर मी तिथेच कान धरले असते. मला मूर्ख ठरवायची संधी त्याने सोडली आणि मला राक्षस ठरवलं.

उद्या जाणार. गाडी परत विकत घेणार, इंजिन नवं बांधून घेणार, लागेल तो खर्च करणार. सगळं ठीक करता येईल. गुलालच तर होता.

रविवार, १८ जानेवारी

गेलो होतो.

सयाजी ओसरीवर होता. मला बघून उठला, खुर्ची पुढे केली. त्या घरात मी कधी खुर्चीवर बसलो नव्हतो, बाजेवरच बसायचो, त्याच्या शेजारी. गोठ्याच्या अंगाची जागा रिकामी होती. ताडपत्री धुऊन वाळत घातली होती.

मी म्हणालो, सयाजी, मला अर्जुनाने सांगितलं. चूक माझी. गाडी कुठे आहे?

"भंगारात दिली."

"कधी?"

"इंजन उगडलं त्याच आठवड्यात. चाकं काडून न्हेली, मग कापून न्हेली. लोकंडच हुतं."

मला वाटलं चेष्टा करतोय. ऋषिराजची गाडी तो भंगारात कशी देईल? परक्याला विकवत नव्हती म्हणून मला दिली ना त्याने? मी तसं विचारलंच. जरा ओरडूनच विचारलं. त्याने तंबाखूची डबी काढली, पण मळली नाही, तशीच हातात धरली.

"पोराच्या हातचं तेवढंच उरलं हुतं साहेब. त्यो गेल्यावं समदी म्हणायची, हात लय साफ हुता पोराचा. आमी त्या एका सबदावर जगत हुतो. तुमी त्येला माझ्या दारात, माझ्या मानसांत, चोथा म्हणलासा. त्येच्यानंतर गाडी सुरू केली, तर मला बी चोथाच ऐकू याय लागला."

"पण तू बोलला का नाहीस त्या दिवशी? तुला माहीत होतं. एवढंसं बोलला असतास तर मी माफी मागितली असती."

"व्हय," सयाजी म्हणाला. "तुमी मागितली आसती. चार मानसांत पाया बी पडला आसता, मला ठावं हाय. मग मला माफ करावं लागलं आसतं." त्याने डबी खिशात ठेवली. "माझ्यात तेवढं न्हाई राह्यलं."

आवाज चढला नव्हता त्याचा. चढला असता तर मला काही बोलता आलं असतं. भांडण मला जमतं, ते मी आयुष्यभर केलं आहे. मी म्हणालो, सयाजी, मी मध्या आहे रे. माझा आवाज चिरका निघाला, मलाच लाज वाटली. तो माझ्याकडे बघत होता, डोळ्यांत राग नव्हता. दमलेल्या माणसाने दुरून बघावं तसा बघत होता.

दगडाबाईंनी चहा आणला. ट्रेमध्ये, पाहुण्यांच्या कपात. मी प्यालो. उसाच्या ट्रॉल्या रस्त्याने चालल्या होत्या, त्यांचा आवाज ऐकत तिघेही बसलो. मग मी उठलो. सयाजी फाटकापर्यंत आला, फाटक उघडलं, "सांबाळून जावा" म्हणाला.

एसटीत मी रडलो. शेजारची बाई विचारत होती, आजोबा, काय होतंय? म्हटलं, धूळ गेली डोळ्यात.

शुक्रवार, २३ जानेवारी

हंबीरराव चौथी गाडी बघायला चालले आहेत. बरोबर या म्हणाले, तुमची नजर बारीक. नाही म्हटलं.

रविवार, २५ जानेवारी

सकाळी आंघोळ करून, दाढी करून स्टँडवर गेलो. कुणी बोलवलं नव्हतं. काय बोलायचं तेही ठरलं नव्हतं. नुसता जाऊन बसेन, तो रानात असेल तर रानात जाईन, असं मनात होतं. कंडक्टरने विचारलं, कुठे? कराड म्हटलं, तिकीट घेतलं, खिडकीजवळ बसलो.

अर्ध्या वाटेत इस्लामपूरला उतरलो.

परतीची एसटी समोरच उभी होती.